हृदयाचा अमायलॉइडोसिस असलेल्या ज्येष्ठांसाठी व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील हृदयरुग्णांना व्यायाम शिकवताना त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती वाचून आपल्या रुग्णाचा व्यायाम स्वतःच ठरवू नये. हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलताना काय विचारावे, हे कळण्यासाठी त्यांचा उपयोग करावा.

हा आजार नेमका काय आहे? हार्ट अ‍ॅटॅक आला नसतानाही हृदय कमजोर कसे झाले?

शरीरातील एखादे प्रथिन आपली नेहमीची घडी सोडून चुकीच्या पद्धतीने दुमडले जाते, त्याचे न विरघळणारे तंतू (म्हणजेच अमायलॉइड) तयार होतात आणि ते हृदयाच्या स्नायूपेशींच्या मधल्या जागेत साचत जातात. त्यामुळे हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर होतात. रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे येणाऱ्या झटक्याशी याचा थेट संबंध नाही. इकोच्या अहवालात पंपिंग ‘पंचावन्न टक्के, नॉर्मल’ असे लिहिलेले असते आणि तरीही रुग्णाला दोन जिने चढताना धाप लागते, ती यामुळेच. ताठर हृदय आकुंचन पावते, पण सैल पडून पुरेसे भरून घेत नाही.

ज्येष्ठांमध्ये याचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला ट्रान्सथायरेटिन प्रकार. हे प्रथिन यकृतात तयार होते, आणि वयोमानाने होणारा हा आजार बहुतांशी साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत दिसतो. काही घराण्यांत मात्र तो आनुवंशिक असतो. दुसरा लाइट चेन प्रकार. तो अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या बिघाडातून होतो आणि त्याच्यावर रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केमोथेरपी द्यावी लागते. आपला रुग्ण कोणत्या प्रकारात मोडतो, हे व्यायाम सुरू करण्याआधी कागदावर स्पष्ट असले पाहिजे, कारण पुढील बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

मग अशा हृदयाला व्यायामाचा ताण देणे धोक्याचे नाही का? बाबांनी आराम करावा, असेच सगळे सांगतात.

सगळे सांगतात ते मायेपोटी, परंतु या आजारात सक्तीचा आराम महागात पडतो. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठ माणसाच्या मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच झडू लागतात, आणि गेलेला स्नायू परत मिळवण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तयारी असलेला स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरतो आणि त्याच कामासाठी हृदयाकडे कमी रक्त मागतो. साचलेले अमायलॉइड व्यायामाने निघून जात नाही. मात्र त्याच ताठर हृदयावर माणूस स्वतः खुर्चीतून उठू शकतो, संडासापर्यंत जाऊ शकतो आणि स्वतःची अंघोळ करू शकतो. व्यायामाचे उद्दिष्ट एवढेच ठेवावे. हृदय बळकट करण्याच्या मागे लागू नये.

केवळ या आजाराच्या रुग्णांवर झालेले व्यायामाचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे आपल्याला वृद्ध हृदयरुग्णांच्या इतर अभ्यासांचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकेत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिहॅब-एचएफ’ या चाचणीत हृदय निकामी झाल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या, साठ वर्षांवरील 349 रुग्णांचा समावेश होता. त्यांच्यापैकी निम्म्यांना ताकद, तोल, हालचाल आणि दमसास या चारही अंगांचे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे देण्यात आले. बारा गुणांच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांना सरासरी 8.3, तर इतरांना 6.9 गुण मिळाले. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या दृष्टीने या चाचणीतील सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे तिने चालण्याच्या आधी उठणे, उभे राहणे आणि तोल सांभाळणे यांना महत्त्व दिले.

‘220 वजा वय’ या सूत्राने नाडीचे लक्ष्य काढावे का? मुलाने घड्याळ घेऊन दिले आहे.

घड्याळ वेळ पाहण्यासाठी आणि पावले मोजण्यासाठी जरूर वापरावे. नाडीचे लक्ष्य ठरवण्यासाठी वापरू नये. हा मुद्दा सर्वांत जास्त वेळा चुकतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

निरोगी हृदय विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला 70 ठोके धरले, तर जवळपास पाच लिटर होतात. आपण चालू लागलो की हे हृदय दोन्ही बाजूंनी काम वाढवते : ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोक्यातील रक्तही वाढते. ताठर हृदयाला यातील दुसरी वाट जवळजवळ बंद असते. समजा ते एका ठोक्याला 45 मिलिलिटरच देऊ शकते. तर तेवढेच पाच लिटर देण्यासाठी त्याला बसल्या जागी मिनिटाला सुमारे 109 ठोके मारावे लागतील. म्हणजे या रुग्णाची नाडी थोडी जलद असणे ही पुष्कळदा शरीराने काढलेली पळवाट असते आणि ती गोळ्या देऊन दाबली, तर थकवा व चक्कर वाढू शकते. नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधे या आजारात बऱ्याच जणांना सोसत नाहीत, ती याच कारणाने. (म्हणून कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना विचारावे.)

दुसरीकडे, अमायलॉइड हृदयाच्या विद्युत यंत्रणेत आणि नाडी व रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंमध्येही शिरते. त्यामुळे काही रुग्णांची नाडी चालताना वाढायला हवी तेवढी वाढतच नाही, तर काहींची आलिंद कंपनामुळे (हृदयाचे वरचे कप्पे थरथरत राहिल्यामुळे) अनियमित चालते. अशा वेळी सूत्राने काढलेला आकडा गाठण्यासाठी माणूस चालत राहिला, तर तो आकड्याआधी भोवळ गाठेल.

त्याऐवजी श्रमाची जाणीव मोजावी. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांच्या 6 ते 20 गुणांच्या मापावर 11 ते 13 म्हणजे ‘हलके’ ते ‘किंचित जड’ एवढ्यातच राहावे, आणि सुरुवातीचे काही आठवडे 11 च्या पुढे जाऊ नये. आकडे नको असतील तर सोपी खूण अशी, की चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. अख्खा अभंग चालीत म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवण्यास हरकत नाही. आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त झाला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

अलीकडचा इको आणि ईसीजी, शक्य असल्यास चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवलेल्या यंत्राने सतत नोंदवलेला ईसीजी), आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजलेला रक्तदाब. महाधमनीची झडप अरुंद झाली आहे का, हे इकोमध्ये खास विचारून घ्यावे. वृद्धांमध्ये हे दोन आजार बरेचदा एकत्र आढळतात आणि झडप फार अरुंद असेल तर आधी तिचा निर्णय व्हावा लागतो. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते पाहतात आणि तोल तपासतात. येथूनच मोजमाप सुरू होते.

प्रत्यक्षात कोणता व्यायाम करावा आणि किती?

आधी पाय, मग तोल, आणि त्यानंतर चालण्याचे अंतर असा क्रम आम्ही ठेवतो. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट होते : पहिल्याच दिवशी बाबांना तलावाला फेरी मारायला नेले जाते, ते अर्ध्यात बसतात आणि नंतर महिनाभर बाहेर पडत नाहीत.

ताकदीसाठी पाठ असलेली, हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावरून पाच ते आठ वेळा सावकाश उठावे आणि सावकाश बसावे. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा, आणि खुर्ची खोल असेल तर बैठकीवर उशी ठेवून ती उंच करावी. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला, की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि आधीच कमी भरणारे हृदय आणखी कमी भरते. याच कारणाने भिंतीला पाठ टेकून, खुर्चीशिवाय खुर्चीसारखी बैठक धरून राहणे किंवा जड वस्तू उचलून धरून ठेवणे टाळावे. त्यानंतर स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून उभ्याने जोर मारणे, आणि बसून पाय सरळ करणे. हे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावे.

तोलासाठीही ओटाच उत्तम. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून दहा सेकंद उभे राहावे, मागे खुर्ची आणि शेजारी माणूस असावा.

चालणे तुकड्यांत करावे. दोन मिनिटे चालावे, एक मिनिट बसावे, असे चार वेळा केले तरी पहिल्या आठवड्यासाठी पुरे. आठवड्याला एखाद-दुसरे मिनिट वाढवत वीस मिनिटांपर्यंत जावे. आधी वेळ वाढवावा, वेग फार नंतर. चालणे वीस मिनिटांपर्यंत गेले की सुरुवातीची पाच-सात मिनिटे अगदी संथ चालावे आणि शेवटची तेवढीच मिनिटेही तसेच, कारण चालता चालता एकदम थांबून उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि रक्तदाब कोसळतो. तीव्र गतीचे, दम काढणारे व्यायामप्रकार या रुग्णांसाठी आम्ही सुचवत नाही.

उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा स्थितीत व्यायाम कसा करणार?

उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर ती डॉक्टरांना कळवण्याची बाब आहे. कारणे एकापेक्षा अधिक असू शकतात : मज्जातंतूंत शिरलेला अमायलॉइड, लघवी वाढवणारी गोळी, जुन्या ब्लड प्रेशरच्या चालू राहिलेल्या गोळ्या. शेवटचे कारण आश्चर्य वाटावे इतके नित्याचे आहे. वीस वर्षे ब्लड प्रेशर असलेल्या माणसाचा दाब या आजारात आपोआप उतरतो आणि गोळ्या मात्र जुन्याच राहतात.

अशा रुग्णाचा व्यायाम बसून किंवा आडवे राहून सुरू करावा. अंथरुणातून उठण्यापूर्वी पावले वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावीत, मग काठावर एक-दोन मिनिटे बसावे, मगच उभे राहावे. सकाळी उठल्याबरोबर, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर आणि जेवणानंतर दाब सर्वांत खाली असतो. जेवण व व्यायाम यांत दीड ते दोन तासांचे अंतर ठेवावे. पोटापर्यंत येणारे दाबाचे मोजे काहींना उपयोगी पडतात, पण आमच्या दमट हवेत ते दिवसभर घालणे फार थोड्यांना जमते. निदान व्यायामापुरते घालावेत.

हाताला मुंग्या येतात आणि चालताना कंबरेखाली पाय भरून येतात. हे वयामुळे आहे का?

असेलही, पण ट्रान्सथायरेटिन प्रकारात हेच प्रथिन मनगटातील आणि मणक्यातील अस्थिबंधांतही साचते. दोन्ही हातांच्या कार्पल टनेलचे (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचे) ऑपरेशन पुष्कळदा हृदयाचा आजार कळण्याच्या कित्येक वर्षे आधी झालेले असते. पकड कमजोर असेल तर हातात डंबेल देण्याऐवजी मनगटाला वजनाचा पट्टा बांधावा. मणक्याची नळी अरुंद असेल, तर किंचित पुढे वाकून बरे वाटते. अशांना सरळ चालण्यापेक्षा बसून चालवण्याची स्थिर सायकल किंवा चाकांचा वॉकर सोसतो.

पेसमेकर बसवला आहे आणि रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे.

दोन्ही गोष्टी व्यायामाच्या आड येत नाहीत. नवा पेसमेकर असेल तर त्या बाजूचा हात डॉक्टर सांगतील तोपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, खांद्याच्या वर नेऊ नये. त्यानंतर मात्र हात मुद्दाम हलता ठेवावा, नाहीतर खांदा धरतो. हालचालीनुसार ठोके वाढवण्याची सोय पेसमेकरमध्ये चालू आहे का, हे तपासणीच्या वेळी विचारावे. गोळीच्या बाबतीत खरा धोका पडण्याचा आहे. डोक्यावर पडल्यास रुग्ण कितीही ठणठणीत दिसला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.

योगासने आणि प्राणायाम चालतील का?

संथ, श्वास न कोंडता केलेला अनुलोम-विलोम आणि खुर्चीवर बसून केलेली आसने चालतात. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) करू नयेत. सूर्यनमस्कारांत डोके वारंवार खाली जाऊन वर येते, त्यामुळे चक्कर येणाऱ्यांनी ते सोडावेत. तीस वर्षे रोज बारा घालणाऱ्यांना हे सांगणे जिवावर येते, पण सांगावे लागते.

ठाणे-नवी मुंबईत चालायला कुठे जावे?

सपाट, सावलीची आणि दर शंभर पावलांवर बसायला जागा असलेली कोणतीही वाट चांगली. ठाण्यात तलावपाळी संध्याकाळी गर्दीची होते, म्हणून तेथे जायचे तर सकाळी जावे. कचराळी तलावाची फेरी या रुग्णांना अधिक मानवते. उपवनला तलावाकाठी फिरावे, मात्र तेथून येऊरकडे जाणारा चढ धरू नये. वाशीत मिनी सीशोअर, खारघरला सेंट्रल पार्क ही ठिकाणे आहेत. मोठ्या उद्यानात जितके आत जाल तितकेच परतही यावे लागते, हे ध्यानात ठेवून दाराजवळच्या भागातच येरझाऱ्या घालाव्यात.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम सुकत नाही, त्वचेकडे रक्त वळते आणि दाब उतरतो. त्या दिवसांत आणि पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक निसरडे झाले की घरातला पॅसेज किंवा इमारतीचा पोडियम पुरतो. हिवाळ्यातील धुरकट सकाळीही तेच करावे. स्टेशनच्या पुलाचे जिने हा व्यायाम समजू नये; लिफ्ट असेल तेथे लिफ्टच घ्यावी.

केमोथेरपी चालू असताना व्यायाम थांबवावा का?

सहसा पूर्ण थांबवू नये, प्रमाण कमी करावे. लाइट चेन प्रकारात दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी बोर्टेझोमिबने पायांची संवेदना बधिर होऊ शकते आणि डेक्सामेथासोनने मांड्या-खांद्यांचे स्नायू अशक्त होतात. म्हणजे खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम याच काळात सर्वांत गरजेचा ठरतो. ताप असल्यास किंवा रक्तपेशी फार घटल्या असल्यास आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारावे, आणि त्या दिवसांत गर्दीच्या जिममध्ये जाऊ नये.

कोणत्या दिवशी व्यायाम करूच नये?

दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पायांची सूज चढली, रात्री एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना फोन करावा. म्हणूनच रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. व्यायाम करताना छातीत दुखले, बेशुद्धी आली किंवा बसूनही धाप थांबेना, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

फरक किती दिवसांत दिसतो?

आठ ते बारा आठवडे द्यावेत. येथे अपेक्षा नीट ठरवणे महत्त्वाचे आहे. हा वाढत जाणारा आजार आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ट्रान्सथायरेटिन प्रकारावरील टाफामिडिस औषधाच्या 441 रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांचेही सहा मिनिटांत चालण्याचे अंतर अडीच वर्षांत कमीच झाले, फक्त औषध न घेणाऱ्यांपेक्षा ते सावकाश कमी झाले. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी जेवढे चालत होते तेवढेच आजही चालतात, हा निकाल आम्ही चांगला मानतो. घरच्यांना तो बऱ्याचदा अपयश वाटतो.

घरच्यांनी काय करावे?

पाण्याचा पेला हातात नेऊन देण्याआधी क्षणभर थांबावे. सासरे स्वतः उठून पाणी घेऊ शकत असतील तर त्यांना घेऊ द्यावे. चालताना त्यांचा दंड धरून ओढू नये. अर्धे पाऊल मागे, त्यांच्या कमकुवत बाजूला राहावे. आणि व्यायाम झाला नाही म्हणून रागावू नये, कारण या आजारात काही दिवस काही कारण नसतानाही वाईट जातात.

गणपतीला गावी कोकणात जायचे आहे. बाबांना न्यावे का?

प्रकृती स्थिर असेल, गेल्या काही आठवड्यांत वजन वा सूज वाढलेली नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर न्यावे. बस किंवा गाडीपेक्षा रेल्वे सोयीची, कारण तिच्यात संडास असतो. लघवीच्या गोळीची प्रवासाच्या दिवसाची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते; ती स्वतःहून चुकवू नये. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आलटून पालटून वीस वेळा उचलावेत, आणि उतरण्याच्या आधीच्या स्टेशनापासून पाय हलवायला सुरुवात करावी, म्हणजे उभे राहताना भोवळ येत नाही. घराच्या पायऱ्यांना कठडा नसेल तर आधी फोन करून बांबू बांधून घ्यावा. खाली बसण्याचा संडास असेल तर कमोडची खुर्ची बरोबर न्यावी. आरतीला बाबांसाठी खुर्ची ठेवावी, आणि ती संपल्यावर त्यांनी लगेच न उठता पावले हलवून मगच उठावे.